काही नाही

तर झालं असं, की मागच्या पावसाळ्यात एका रविवारी माझ्या चार वर्षांच्या लेकीनं माझ्याशी बोलणं बंद केलं.

कारण साधंच होतं. तिला सकाळपासून तिसऱ्यांदा मोबाइल हवा होता आणि मी दिला नाही. एरवी अशा वेळी ती फरशीवर लोळण घेते, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असा गळा काढते. मी त्या तयारीत होतो. पण ती रडली नाही. शांतपणे उठली, बाल्कनीत गेली, कपडे वाळत घालायच्या स्टँडशेजारी तिचं लाल स्टूल ओढलं आणि माझ्याकडे पाठ करून बसली.

मी मागे जाऊन विचारलं, "काय झालं गं?"

"काही नाही."

आवाज खालच्या पट्टीतला. शेवटचं अक्षर अर्धं गिळलेलं. मग तिनं उजव्या हाताचा अंगठा डाव्या मनगटावर ठेवला आणि तो हळूहळू गोल फिरवायला लागली. मनगटावर काहीच नव्हतं. घड्याळ नव्हतं, बांगडी नव्हती. नुसत्या कातडीवर तिचा अंगठा फिरत होता.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हात कणकेनं भरलेले. मला वाटलं, ती हसेल. ती हसली नाही. म्हणाली, "बघ. कुणासारखी बसलीये?"

मी माझ्या डाव्या मनगटाकडे पाहिलं. माझा अंगठा घड्याळाच्या काचेवर होता.

*

मी कराडचा. माझे वडील, अण्णा, एसटीत ड्रायव्हर होते. 2016 साली निवृत्त झाले. आमच्या गल्लीत बऱ्याच घरांतून रात्री आवाज यायचे. भांडी आपटायची, कुणीतरी कुणाचा तरी बाप काढायचं, पोरं रडायची. आमच्या घरातून कधीही आवाज आला नाही. अण्णांनी आईवर किंवा माझ्यावर हात उचलला नाही. ताट भिरकावलं नाही. शिवी दिली नाही. शेजारच्या काकू आईला म्हणायच्या, "तुमचं बरंय बाई, ह्यांच्या तोंडातनं शब्द निघत नाय."

ते खरंच होतं. शब्दच निघत नसे.

अण्णांना राग आला की ते गप्प व्हायचे. ओट्यावर खुर्ची टाकून रस्त्याकडे तोंड करून बसायचे आणि एचएमटीच्या घड्याळाच्या काचेवर अंगठा फिरवत राहायचे. आई विचारायची, "अहो, काय झालं?" उत्तर ठरलेलं, "काय न्हाय." ह्या दोन शब्दांनंतर घराला कुलूप लागायचं. कारण काहीही असेल. मामाला न विचारता दिलेले पाचशे रुपये, एखाद्या लग्नात झालेला मानापमान, नाहीतर नुसतीच आमटी खारट. किती दिवस चालेल ते कारणावर अवलंबून नसायचं. दोन दिवस, चार दिवस, आठवडा. मी दहावीला होतो त्या वर्षी एकदा सतरा दिवस चालला. मी कॅलेंडरवर पेन्सिलीनं बारीक टिंबं केली होती, म्हणून आकडा लक्षात आहे.

घर तर चालवावं लागतं. म्हणून मी होतो.

"अण्णांना सांग, पान वाढलंय."

"आईला सांग, भूक न्हाय."

दोघांमध्ये तीन फुटांचं अंतर. दोघांनाही दोघांचं ऐकू येतंय. तरी मी इकडून तिकडे जाऊन निरोप सांगायचो. हळूहळू मी त्यात तरबेज झालो. 'भूक न्हाय' हे मी 'थोड्या वेळानं जेवतो म्हणालेत' असं करून पोचवायचो. 'म्हणावं, गिळा' हे 'गार होतंय' असं व्हायचं. माझ्या वयाची पोरं क्रिकेट खेळत होती, मी परराष्ट्र खातं सांभाळत होतो.

आणि मग एक दिवस ते संपायचं. कसं, ते मला कधीच कळलं नाही. मी शाळेतून यायचो तर अण्णा म्हणत असायचे, "चटणी बरी झालीया आज," आणि आई म्हणायची, "कारळ्याची हाय." बास. मधे काय झालं, कोण कुणाला काय म्हणालं, कुणी माफी मागितली का, काहीच नाही. सुरुवात दिसायची, मधला भाग तर डोळ्यांदेखत चालायचा. शेवट मात्र पडद्यामागे व्हायचा.

त्या सतरा दिवसांत कधीतरी मी ठरवलं होतं, की आपण असलं करायचं नाही. लग्न केलं तर बोलायचं. काय वाट्टेल ते होवो, बोलायचं.

*

लग्न झालं. बायको नाशिकची, शाळेत शिकवते. तिच्या माहेरी सगळे मोठ्यानं भांडतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सासरे आणि मेव्हणा गाडी कुठं लावायची यावरून असे भांडत होते, की मला वाटलं आता पोलीस येणार. अर्ध्या तासानं दोघं एका ताटलीतली कांदाभजी खात टीव्हीवर मॅच बघत होते. मला ते जंगली वाटलं होतं, खरं सांगायचं तर.

आमचं पहिलं खरं भांडण झालं ते तिच्या पगारातून घराचा हप्ता भरायचा की नाही यावरून. ती तावातावानं बोलली. मी ऐकून घेतलं. मग उठलो आणि बाल्कनीत जाऊन बसलो. ती मागोमाग आली. "अरे, काय झालं? बोल ना."

"काही नाही."

मला तेव्हा स्वतःचा अभिमान वाटला होता. आपण आवाज चढवला नाही, आपण शांत राहिलो. अण्णांचं 'काय न्हाय' होतं, माझं पुण्यात येऊन 'काही नाही' झालं होतं, म्हणून बहुधा मला ते ओळखूच आलं नाही. मी व्याकरण तेवढं शुद्ध केलं होतं.

पुढच्या सात वर्षांत हे किती वेळा झालं ते मोजलं नाही. आमच्या घरात निरोप्या लागत नव्हता, कारण व्हॉट्सॲप होतं. मी हॉलमध्ये, ती बेडरूममध्ये, मधे एक भिंत, आणि 'दूध संपलंय', 'आणतो', 'उद्या व्हॅन लवकर आहे', अंगठा. निळ्या टिका पडायच्या. आरडाओरडा नाही म्हणजे लेकीला काही कळत नाही, असं आम्ही दोघांनीही धरून चाललो होतो. तिला ऐकू येण्यासारखं त्यात होतंच काय?

तिनं ऐकलं नव्हतंच. तिनं बघितलं होतं.

*

बघून शिकण्याबद्दल खरं तर मला आधीपासून माहीत असायला हवं होतं. मी गाडी तशीच शिकलो.

सुट्टीत अण्णा कधीमधी मला त्यांच्या गाडीवर न्यायचे. कराड-चिपळूण. केबिनमध्ये इंजिनाच्या बॉनेटवर रेक्झिन टाकलेलं असायचं, त्यावर मी बसायचो. बुडाला चटके बसायचे, पण त्याहून भारी जागा त्या गाडीत नव्हती. पाटण, कोयनानगर, हेळवाक, आणि मग कुंभार्ली घाट. घाट सुरू व्हायच्या आधी अण्णांचा हात गिअरकडे जायचा. उतार लागल्यावर नाही, लागायच्या आधी. पाय ब्रेकवर कमीत कमी, गाडी गिअरवर धरलेली. वळणावर हॉर्नला तळहाताचा एक ठोका, लांबलचक भोंगा नाही. समोरून दुसरी एसटी आली की स्टिअरिंगवरून चार बोटं वर. समोरच्याचीही चार बोटं वर. एवढाच रामराम.

अण्णांनी मला ह्यातलं काहीही शिकवलं नाही. 'हे बघ, असं करायचं' असं एक वाक्य त्यांनी कधी उच्चारलं नाही. तरी एकोणिसाव्या वर्षी मी ड्रायव्हिंग स्कूलच्या मारुती 800 मध्ये बसलो तेव्हा मला सगळं येत होतं. म्हणजे डोक्यात. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी सहा वेळा गाडी बंद पडली. डोक्यातला क्लच आणि पायाखालचा क्लच वेगळा असतो. पण दोन आठवड्यांनी एकदा उतारावर मी आपोआप आधीच गिअर कमी केला, तेव्हा शेजारी बसलेले मास्तर म्हणाले, "कुणी शिकवलं?"

"कुणी नाही," मी म्हणालो. ते खरंही होतं आणि खोटंही.

आजही एक्स्प्रेसवेला समोरच्या बाजूनं लाल एसटी जाताना दिसली की माझी चार बोटं स्टिअरिंगवरून वर जातात. त्या ड्रायव्हरला मी दिसतही नाही. बायको पहिल्यांदा म्हणाली होती, "कुणाला हात केलास?" तेव्हाही मी म्हणालो होतो, "काही नाही."

*

बाल्कनीच्या त्या रविवारी रात्री बायकोनं तिची बी.एड.ची जुनी वही काढली आणि माझ्या मांडीवर टाकली. "वाच. आमच्या पेपराला हमखास यायचं हे." पानाच्या वर निळ्या शाईत लिहिलं होतं, 'निरीक्षणातून अध्ययन : अल्बर्ट बांडुरा'.

ही गोष्ट तुमच्यापैकी अनेकांनी रीलमध्ये का होईना पाहिली असेल. बांडुरा मूळचा कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातल्या एका छोट्या गावचा, पुढे अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक. त्या काळी मानसशास्त्रात वजन होतं ते बक्षीस-शिक्षेच्या सिद्धांताला. माणूस काहीतरी करतो, त्याला फळ मिळतं किंवा फटका बसतो, आणि त्यातून तो शिकतो. बांडुराचं म्हणणं असं, की एवढंच असतं तर माणसाला काहीच शिकून झालं नसतं. पोहणं, गाडी हाकणं, बोलणं हे प्रत्येकानं आपापल्या चुकांतूनच शिकायचं ठरवलं तर निम्मे जण शिकण्याआधीच मरतील. आपण बरंचसं शिकतो ते दुसऱ्याला करताना बघून.

1961 साली त्यानं आणि डोरोथिया रॉस, शीला रॉस या सहकाऱ्यांनी विद्यापीठाच्या बालवाडीतली 72 मुलं घेतली. वय साधारण तीन ते सहा. बोबो नावाची हवा भरलेली मोठी बाहुली होती, बुडाला वजन असलेली, पाडली की पुन्हा उभी राहणारी. 24 मुलांसमोर एक मोठं माणूस आलं आणि त्यानं बोबोला बडवलं. अंगावर बसून नाकावर ठोसे, हातोडीनं डोक्यात, लाथा, आणि सोबत ठरावीक शब्द. दुसऱ्या 24 मुलांसमोरचं मोठं माणूस बोबोकडे न बघता कोपऱ्यात गुपचूप खेळणी जोडत बसलं. उरलेल्या 24 मुलांना काहीच दाखवलं नाही. मग मुलांना छान छान खेळणी दाखवून ती काढून घेतली, म्हणजे थोडं चिडवलं, आणि बोबो असलेल्या खोलीत सोडलं.

पहिल्या गटातल्या अनेक मुलांनी बोबोला बडवलं. पण खरी गंमत आहे ती 'कसं' बडवलं यात. तीच हातोडी, तसंच अंगावर बसणं, तेच शब्द. रात्री दीड वाजता मी यूट्यूबवर त्याची काळी-पांढरी फिल्म बघितली. फ्रॉक घातलेली एक चिमुरडी हातोडी उगारते, आणि उगारताना तिचे हात अगदी त्या मोठ्या बाईसारखे होतात. मी ते तीनदा मागे घेऊन पाहिलं.

ह्या प्रयोगावर टीकाही झाली. बाहुली पाडण्यासाठीच असते, बाहुलीला मारणं म्हणजे माणसाला मारणं नव्हे, आणि काही मिनिटांच्या वागण्यावरून आयुष्याचं काय सांगणार, वगैरे. ती रास्त आहे. पण मला झोप लागू दिली नाही ती बांडुराच्या पुढच्या प्रयोगानं, 1965 सालच्या.

ह्यात 66 मुलांना फिल्म दाखवली. बोबोला बडवणारा माणूस. एका गटाच्या फिल्ममध्ये शेवटी त्या माणसाला शाबासकी आणि खाऊ मिळतो. दुसऱ्या गटाच्या फिल्ममध्ये त्याला रागावतात, फटके देतात. तिसऱ्या गटात काहीच होत नाही. अपेक्षेप्रमाणे, शिक्षा पाहिलेल्या मुलांनी नक्कल कमी केली. इथंच थांबलो असतो तर वाटलं असतं, चला, वाईट गोष्टीचा वाईट शेवट दाखवला की मुलं ती शिकत नाहीत. पण मग बांडुरानं सगळ्या मुलांना सांगितलं, त्या माणसानं जे जे केलं ते करून दाखवा, प्रत्येक गोष्टीला स्टिकर आणि सरबत मिळेल. आणि गटागटांतला फरक जवळपास नाहीसा झाला. शिक्षा पाहिलेल्या मुलांनाही सगळं येत होतं. त्यांनी ते केलं नव्हतं एवढंच.

शिकणं आणि करून दाखवणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नापसंत केलेली गोष्टही माणूस शिकतो, नीट घडी घालून आत ठेवतो, आणि योग्य वेळी बाहेर काढतो.

अबोल्याचे सगळे तोटे मी पाहिले होते. कॅलेंडरवर टिंबं करून पाहिले होते. मी त्याला नापास केलं होतं आणि समजत होतो की नापास केलं म्हणजे शिकलो नाही. पण घडी आत होती. पहिल्या भांडणात मी बाल्कनीत जाऊन बसलो, बायको मागे आली, तिनं मनधरणी केली, आणि हप्त्याचा विषय माझ्या मनासारखा मिटला. माझं स्टिकर आणि सरबत मला तेव्हाच मिळालं होतं.

*

आपल्याकडे म्हण आहे, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. शेतकऱ्याच्या हे केव्हाच लक्षात आलं होतं, की रंग रक्तातून येतो आणि खोड शेजारातून. पण म्हणीत नसलेली एक गोष्ट मला त्या रिकाम्या मनगटानं शिकवली.

2005 सालचं एक संशोधन आहे, व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हाइटन यांचं. एक डबा, आत खाऊ. माणूस काठीनं आधी डब्याच्या वरच्या भोकात खुपसतो, मग खालून खाऊ काढतो. वरचं खुपसणं निरुपयोगी असतं, पण डबा अपारदर्शक असताना ते कळत नाही. मग तोच डबा पारदर्शक केला. आता स्पष्ट दिसतंय, की वरच्या भोकाचा खाऊशी काही संबंध नाही. युगांडातल्या अभयारण्यातले छोटे चिंपांझी ते बघून निरुपयोगी भाग सोडून देतात आणि थेट खाऊ काढतात. तीन-चार वर्षांची माणसाची पोरं मात्र तरीही आधी वर खुपसतात.

म्हणजे चिंपांझी हुशार आणि आपण बावळट, असं नव्हे. माणसाच्या पोराला करणाऱ्यावर जास्त विश्वास असतो. मोठं माणूस करतंय म्हणजे त्यात काहीतरी असणार. आत्ता कळत नसेल, पुढे कळेल, आधी सगळंच्या सगळं उचलून ठेवू. आपली भाषा, आपले सण, पोळी लाटताना अधेमधे पिठी लावण्याची पद्धत, सगळं ह्याच विश्वासावर एका पिढीकडून दुसरीकडे जातं.

माझ्या लेकीनं घड्याळ नसतानाही घड्याळावरून अंगठा फिरवला तो ह्याच विश्वासानं. बाबा रुसल्यावर हे करतो, म्हणजे रुसायचं असेल तर हे करायचं असतं. मला त्या रात्री सगळ्यात जास्त कशानं लाज वाटली असेल तर त्या विश्वासानं.

*

दिवाळीत कराडला गेलो. अण्णा आता सदुसष्टीच्या आसपास. संध्याकाळी ओट्यावर त्याच जागी बसतात. खुर्ची प्लास्टिकची झालीये एवढंच. मी पायरीवर बसलो आणि बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून शेवटी विचारलं, "अण्णा, तुम्ही रागावल्यावर बोलत का नव्हता?"

मला वाटलं, 'काय न्हाय' येणार. पण ते रस्त्याकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "माझा बा लई बोलायचा."

माझे आजोबा मी पाहिलेले नाहीत. पाटण तालुक्यात, डोंगराच्या पोटातलं गाव. एवढंच ऐकून होतो की तापट होते. अण्णांनी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं, तेही तुकड्यातुकड्यांत. बा राग आला की आधी शिव्या द्यायचा, मग हाताला येईल ते. पायताण, चाबूक, एकदा नांगराची लाकडी मूठ. आजीचा एक कान त्यामुळेच कायमचा गेला. अण्णा आठ-नऊ वर्षांचे असताना गोठ्यात लपून बसायचे आणि म्हशीच्या पोटाला कान लावायचे, म्हणजे बाहेरचं ऐकू येत नसे.

"तवाच ठरीवलं हुतं," अण्णा म्हणाले, "आपून तोंड उघडायचं न्हाय. तोंड उघडलं की हात सुटतोय. मी कधी हात उचलला का तुज्यावर? तुज्या आयवर?"

"नाही."

"मग?"

त्या 'मग'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी इतकी वर्षं ज्याला त्यांचा दोष समजत होतो ते त्यांचं आयुष्यभराचं कष्टानं सांभाळलेलं काम होतं. बाच्या चाबकापासून इथपर्यंत ते एकट्यानं आले होते, घाटात गाडी गिअरवर धरावी तसं स्वतःला धरून.

मला बांडुराचा दुसरा गट आठवला, ज्याच्यावर कुणी फारसं बोलत नाही. ज्यांच्यासमोरचं मोठं माणूस बोबोकडे न बघता गुपचूप बसलं होतं, ती मुलं. त्यांनी मारामारी फार कमी केली, पण आणखी एक नोंद आहे. ती मुलं कुठल्याही खेळण्याला हात न लावता नुसती गप्प बसून राहण्यात आक्रमक गटाच्या दुपटीहून जास्त वेळ घालवत होती. गप्प बसणं हीसुद्धा एक कृती आहे आणि तीसुद्धा बघून शिकता येते.

काय करायचं नाही हे अण्णा त्यांच्या बाकडे बघून शिकले. मी अण्णांकडे बघून काय करायचं नाही ते ठरवलं. पण त्याऐवजी काय करायचं, हे आम्हा दोघांनाही कुणी कधी करून दाखवलं नव्हतं. आणि राग आल्याच्या क्षणाला माणसाचा हात ठरवलेल्या गोष्टीकडे जात नाही, बघितलेल्या गोष्टीकडे जातो.

मी अण्णांना लेकीची बाल्कनीची गोष्ट सांगितली. रिकाम्या मनगटाची. ते काही बोलले नाहीत. फक्त त्यांचा अंगठा घड्याळावर होता तो त्यांनी उचलला आणि हात मांडीवर ठेवला.

*

आता आम्ही घरात काय करतो ते सांगतो, पण त्याला यशोगाथा समजू नका.

आम्ही भांडतो. मी बोलायला शिकतोय आणि पस्तिशीत शिकलेली भाषा जशी येते तशीच ती मला येते. पहिल्यांदा मी "मला राग आलाय" असं म्हणालो तेव्हा एवढा अवघडलो की बायकोला हसू आलं आणि त्यावरून पुन्हा भांडण झालं. कधी आवाज चढतो, मग मला आजोबांची भीती वाटते. कधी मी अजूनही बाल्कनीत जातो. दोन महिन्यांपूर्वी दीड दिवस गेलो होतो.

एक गोष्ट मात्र बायकोच्या डोक्यातून निघाली आणि ती आम्ही शक्यतो पाळतो. तिचं म्हणणं, आपलं भांडण हॉलमध्ये होतं आणि समेट बेडरूममध्ये, पोर झोपल्यावर. म्हणजे तिला रोज अर्धाच पिक्चर दिसतो. रुसायचं कसं हे तिनं पन्नास वेळा पाहिलंय, मिटवायचं कसं हे एकदाही नाही. मग तिला ते येणार कुठून? म्हणून आता मिटवायचं असेल तर तिच्यासमोर. "माझं चुकलं, मी तुझं ऐकून न घेता उठून गेलो." सुरुवातीला नाटकातलं वाक्य म्हटल्यासारखं वाटायचं. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सहा वेळा गाडी बंद पडली होती, हे मी स्वतःला आठवून देतो.

लेक हे सगळं चित्र रंगवता रंगवता बघत असते. तिच्या तोंडावरून काही कळत नाही. शिकतीये की नाही, विचारायची सोय नाही. मुलं शिकलेलं लगेच दाखवत नाहीत, हे तर आता मला पाठच आहे.

गेल्या महिन्यात अण्णा आणि आई आमच्याकडे राहायला आले होते. तिसऱ्या दिवशी दोघांचं काहीतरी बिनसलं. बहुधा आईनं त्यांच्या गोळ्यांचा डबा बॅगेत भरला नव्हता. अण्णा बाल्कनीत खुर्ची टाकून बसले, पाठ आमच्याकडे. आई सोफ्यावर शेंगा सोलत होती. मी लॅपटॉप उघडून काम करायचं सोंग करत होतो आणि माझ्या पोटात तोच जुना गोळा आला होता, दहावीतला.

थोड्या वेळानं अण्णांनी नातीला हाक मारली. ती गेली.

"आजीला सांग, च्या टाक म्हणावं."

लेकीनं मागे वळून सोफ्याकडे पाहिलं. पुन्हा अण्णांकडे पाहिलं. तिला खरोखरच कळलं नव्हतं.

"आजी इथेच आहे," ती म्हणाली. "तुम्ही सांगा ना."

मी लॅपटॉपवरून मान वर केली नाही. आईच्या हातातली शेंग हातातच राहिली. लेक निघून गेली, तिला हत्तीचे पाय रंगवायचे होते. बाल्कनीतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अण्णा घसा खाकरले. मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग, भिंतीशी बोलावं तसं,

"अगं, च्या टाकती का?"

"साखर संपलीया," आई म्हणाली. आणि मग, शेंग फोडत, "गुळाचा चालंल का?"

"चालंल."

मी उठून गूळ शोधायला गेलो. डबा कुठं ठेवलाय ते मला माहीत होतं. तरी मी जरा वेळ लावला.